आल्हादकडे न जाणारी लेक

"आकडा थांबू द्या, मग बोला."

आल्हाद सुभेदारचं हे वाक्य आमच्या गावात पोरासोरांनाही पाठ आहे. हिवाळ्यात आमच्याकडे मटार निघतो. जबलपूरजवळच्या पाटणच्या आसपासची काळी जमीन त्या दिवसांत इतकी हिरवी होते, की उगवलेला सूर्य आधी शेंगांवर जरा टेकतो आणि मग वर चढतो, असं मला नेहमी वाटतं. गोण्या भरतात, रस्त्याच्या कडेच्या काट्यावर येतात. गोणी काट्यावर टेकते न टेकते तोच पिकवणारा एक वजन सांगतो आणि घेणारा दुसरं. काट्यावरचे लाल आकडे अजून नाचत असतात. अशा वेळी मागे उभा असलेला एक माणूस, चष्मा नाकावर घसरलेला, गळ्यात करड्या रंगाचा मफलर, अगदी हळू आवाजात ते वाक्य म्हणतो. दोघेही गप्प होतात. आकडा थांबतो. मग भांडायला फारसं काही उरत नाही.

शहराच्या कडेला रिछाईत वजनकाटे बनवणारा एक छोटा कारखाना आहे, आल्हाद तिथे कामाला. गावोगाव विकलेले काटे बिघडले की दुरुस्तीला तोच येतो. काट्याचे चारही कोपरे तो एकेक करून तपासतो. वीस किलोचं लोखंडी वजन या कोपऱ्यावर ठेवायचं, बघायचं, उचलायचं, पुढच्या कोपऱ्यावर ठेवायचं. घाई नाही. मला असली माणसं आवडतात. पीक उभं राहायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतोच, हे त्यांना सांगावं लागत नाही.

आमची ओळख कुत्र्यामुळे झाली. आमचं घराणं मराठी. भोसल्यांच्या चाकरीत आलेले पूर्वज इथेच राहिले आणि जमिनीला चिकटले. गावात सगळं बोलणं हिंदीत, मराठी फक्त घरात आणि रागात. एकदा काट्याजवळ एक कुत्रं गोणी हुंगत होतं, त्याला मी मराठीत हाकललं. काट्याखाली आडवा झालेला हा मुलगा डोकं बाहेर काढून म्हणाला, "काका, तुम्ही आपलेच का?"

मी म्हटलं, "मी आपलाच आहे. कुत्रं इथलं आहे."

तेव्हापासून दर हिवाळ्यात आमचा मटार त्यांच्या घरी जातो आणि दिवाळीला त्यांच्या घरची चकली आमच्याकडे येते. जबलपुरात नेपियर टाउनमध्ये, दवाखाने आणि कोचिंगच्या पाट्या जिथे एकमेकींवर चढल्या आहेत, त्याच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुमजली घर आहे. घरात तो, त्याची आई वसुधावहिनी आणि बायको अवंती. वडील संरक्षण खात्याच्या कारखान्यात होते, आल्हाद कॉलेजात असताना गेले. त्यांच्याबद्दल बोलताना त्याचा आवाज अजून बदलतो. "मी बाबांचं शेपूट होतो, काका," तो सांगायचा. "बाबा न्हाव्याकडे गेले तरी मी मागे. दाढी त्यांची व्हायची, साबण मला लागायचा."

तर अशा या माणसाला लेक झाली.

होळीच्या जरा आधीची गोष्ट. मुलगी सुखरूप झाली, अवंती सुखरूप, आणि आल्हाद दवाखान्याच्या जिन्यात पेढ्यांचा पुडा घेऊन उभा. तेवढ्यात वसुधावहिनी खाली आल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मूळ नक्षत्र, आणि तेही पहिला चरण. आपल्याकडे जुनी समजूत आहे, की या वेळेला झालेलं मूल बापाला जड जातं. ते नक्षत्र फिरून येईपर्यंत, म्हणजे सत्तावीस दिवस, बापाने मुलाचं तोंड पाहायचं नाही. मग शांत करायची आणि आधी काशाच्या वाटीतल्या तुपात प्रतिबिंब पाहायचं, नंतर मूल.

आल्हाद हे मानणारा नव्हता. पण वसुधावहिनी त्या जिन्यात त्याचा हात धरून म्हणाल्या, "एक माणूस गेला माझा. तुझ्यासाठी मी कशालाही घाबरेन. हसायचं तर हस, पण वर जाऊ नको."

तो वर गेला नाही. पेढ्यांचा पुडा त्याने तिथल्या चौकीदाराच्या हातात दिला आणि स्कूटर काढून रिछाईला गेला.

घरी खालच्या मजल्यावर बाळंतिणीची खोली, वरच्या मजल्यावर बाप. मधला जिना. अवंतीला हे पटलं नव्हतं. तिने मोबाइलवर फोटो पाठवायचं ठरवलं. त्यावरून घरात वाद झाला. फोटोतलं तोंड पाहिलं तर पाहिलं म्हणायचं की नाही? वसुधावहिनींनी गुरुजींना फोन लावला. गुरुजी म्हणाले, "ताई, फोटोतही तोंडच असतं ना."

मग अवंतीने पाय पाठवले. रोज सकाळी पायांचा एक फोटो. कधी मूठ, कधी कान, कधी मागून जावळ. आल्हाद त्या दिवसांत आमच्या गावी आला तेव्हा त्याने मला ते फोटो दाखवले होते. डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढून बसलेली. "ही अशीच आहे, काका, रोजच्या फोटोत," तो म्हणाला, जसं काही त्या करंगळीने पुढे मोठं नाव काढायचं होतं. लेकीचं वजन मात्र त्याला रोज हवं असायचं. दवाखान्याच्या काट्यावर त्याचा विश्वास नव्हता. पहिल्याच आठवड्यात तो स्वतःचं एक किलोचं वजन घेऊन तिथे गेला, नर्सला म्हणाला, दीदी, जरा हे ठेवून पाहा. काटा बरोबर निघाला. नर्सने पुढे कितीतरी दिवस ही गोष्ट सगळ्यांना सांगितली.

शांत झाली. तुपाच्या वाटीत त्याने लेकीला, यशश्रीला, पाहिलं. तो सांगायचा, की आधी फक्त पिवळं पिवळं हललं, मग त्यात एक नाक आलं, आणि ते नाक आपलंच आहे हे कळल्यावर त्याला वाटीसकट तिला उचलावंसं वाटलं. मग उचललं. सगळं ठीक झालं. उन्हाळाभर यशश्री कुणाकडेही जायची. दूधवाला, शेजारी, बाप, सगळे सारखेच.

पावसाळा सरता सरता ती बदलली.

आता ती आईला धरून बसू लागली. अवंती समोरून हलली की रडणं. आजीकडे थोडा वेळ जायची. पण बापाने हात पुढे केला की पाठ धनुष्यासारखी ताणायची, मान मागे टाकायची आणि असा टाहो फोडायची की समोरच्या कोचिंगमधली पोरं खिडकीत यायची. आल्हादने आधी हसून घेतलं. मग उपाय सुरू केले. कारखान्याच्या तेलाचा वास येत असेल म्हणून गल्लीच्या नळावर हात धुऊन घरात यायचा. मफलर काढून पाहिला. चष्म्याची भीती वाटत असेल म्हणून दारातच चष्मा खिशात टाकायचा आणि आत येताना चौकटीवर आपटायचा. बाप कपाळ चोळत आत आला की लेक आणखी रडायची.

मार्गशीर्षात मटार लागला आणि आल्हाद आमच्या काट्याला आला, तेव्हा अंगाने वाळला होता. काम झालं, गोण्या गेल्या, आम्ही दोघे रिकाम्या पोत्यांवर चहा घेऊन बसलो. ऊन शेंगांच्या वेलांत शिरलं होतं, पोपटांचा एक थवा वरून ओरडत गेला. त्याने पोत्याचा सुटलेला दोरा ओढून काढला. मग म्हणाला, "काका, ती मला ओळखून रडते."

"म्हणजे?"

"परक्याला पाहून मूल रडतं ते वेगळं. ही माझ्याकडे नीट पाहते, ओळखते, आणि मग रडते."

मी म्हटलं, "अरे, होतं असं. पोरं कधी आईची असतात, कधी बापाची."

"माझं तसं नाही." त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला. "काटा पहिल्यांदा लावतो ना, तेव्हा रिकामा ठेवून शून्य बसवावं लागतं. ते शून्यच चुकलं, की पुढे कितीही चांगलं वजन ठेवा, आकडा चुकीचाच येतो. पहिल्या दिवसांत तिने सगळ्यांना पाहिलं. आईला, आजीला, मालिशवालीला. मी नव्हतो. वरच्या मजल्यावर बसून पाय पाहून राहिलो होतो. तिचं शून्य माझ्याशिवाय बसलं, काका."

मी त्याला त्याचंच वाक्य ऐकवलं, आकडा थांबू दे, मग बोल. तो म्हणाला, "ते गोण्यांचं." आणि उठला.

जाता जाता त्याने खरी गोष्ट सांगितली. कारखान्याची रायपूरला शाखा निघाली होती. तिथे दोन वर्षांसाठी कुणीतरी जायचं होतं. याने स्वतःहून नाव दिलं होतं. घरी सांगितलं होतं, की मालक पाठवून राहिलेत, नाही म्हणता येत नाही. "मी नसलो तर घरात रडणं तरी कमी होईल," तो म्हणाला. "अवंतीलाही झोप मिळेल. माझ्या असण्याने तिथे काय होतं?"

त्याची स्कूटर गेली. तिच्यामागे उडालेली धूळ मटारावर बसली, आणि मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. बाप घरात राहून परका झाला तर पोर कधीतरी वळते. बाप निघूनच गेला तर ती वळणार कुणाकडे?

संक्रांतीनंतरच्या रविवारी मी गोणीभर मटार घेऊन जबलपूरला गेलो. बसस्टँडवरून ऑटो केला. ऑटोवाल्याने गोणीकडे पाहून विचारलं, कौन गाँव का है, आणि गाव सांगितल्यावर गोणी मांडीवर घेतल्यासारखी हळू गाडी चालवली. आमच्या मटाराला एवढा मान आहे.

घरी गेलो तर पुढच्या खोलीत उघडी सूटकेस. त्यात इस्त्रीचे शर्ट, वर तो मफलर. वसुधावहिनी म्हणाल्या, "या भाऊजी. बरं झालं आलात. परवा निघून राहिला ना हा." त्या हसत होत्या, पण हसू ओठांच्या पलीकडे जात नव्हतं.

गच्चीवर चांगलं ऊन होतं. वर्तमानपत्रं पसरून आम्ही सगळे मटार सोलायला बसलो. वसुधावहिनी, अवंती, मी आणि जरा लांब, कठड्याला टेकून आल्हाद. यशश्री मधल्या मध्ये रांगत होती. गुबगुबीत, डोक्याला लाल टोपरं, एकेक शेंग उचलून चोखायची आणि टाकून द्यायची. रांगत रांगत ती आल्हादच्या गुडघ्याजवळ पोचली. तिथे एक लांब शेंग पडली होती. तिने ती उचलली, गुडघ्याला हात लावून वर पाहिलं. आल्हाद श्वास धरून बसला. चष्मा खिशात होता, त्याला ती नीट दिसतही नसणार. तिने त्याचा चेहरा निरखला, खालचा ओठ हळूहळू बाहेर आला, आणि मग सगळी गल्ली तिने डोक्यावर घेतली.

अवंतीने उठून तिला उचललं. तिच्या खांद्यावर डोकं टेकताच रडणं बंद.

"पाहिलं, काका?" आल्हाद म्हणाला, आणि शेंग सोलू लागला. दाणे टोपल्यात आणि सालं परातीत टाकायची, तर तो उलटं करत होता.

मला कुणी गुप्त ठेवायला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी ठेवलं असतं का, कोण जाणे. मी म्हटलं, "वहिनी, हा रायपूरला काहून जाऊन राहिला, माहीत आहे का तुम्हाला?"

"मालक पाठवून राहिलेत ना."

"मालकांनी नाही पाठवलं. याने नाव दिलं."

आल्हाद म्हणाला, "काका, राहू द्या."

"काहून राहू देऊ? मी बसचे धक्के खात काय मटार पोचवायला आलो? मटार ऑटोवाल्यानेही पोचवला असता."

एरवी सासूसमोर त्याला 'अहो' म्हणणारी अवंती. तिने लेकीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि म्हणाली, "तू नाव दिलंस?"

मग त्याला बोलावं लागलं. पोत्यांवर मला जे सांगितलं होतं तेच, पण आता तुटक तुटक. जिना. पायांचे फोटो. शून्य. बोलताना तो आईकडे पाहत नव्हता. वसुधावहिनींच्या हातातली शेंग अर्धी उघडली होती, तशीच राहिली.

"म्हणजे माझ्यामुळे," त्या म्हणाल्या.

"असं नाही म्हटलं मी, आई."

"तेच म्हटलंस. बरोबरच म्हटलंस. मीच धरला होता तुझा हात."

अवंती मध्येच बोलली. "आणि मला झोप मिळावी म्हणून जाऊन राहिला होतास? मी तुला झोप मागितली? मी क्लासमध्ये दिवसभर पोरांना गणित शिकवून येते, घरी आले की ही अंगावरून उतरत नाही, मला न्हाणीघरातही एकटं जाता येत नाही. यात तू दोन वर्षं रायपूरला बसून मला मदत करणार. वा."

आल्हाद म्हणाला, "ती येतच नाही माझ्याकडे, तर मी काय मदत करू?"

"भांडी घास," अवंती म्हणाली. "भांडी नाही रडत तुला पाहून."

मला हसू आलं ते मी खोकल्यात लपवलं. पण वसुधावहिनींना काही लपवता आलं नाही. त्यांचे खांदे हलू लागले. मला वाटलं रडतायत. आल्हादलाही तेच वाटलं, तो उठून त्यांच्याजवळ गेला. तेव्हा दिसलं की त्या हसतायत, आणि डोळ्यांतून पाणी वाहतंय, दोन्ही एकाच वेळी. 

"अरे वेड्या," त्या म्हणाल्या, "तू तर पुष्य नक्षत्रावरचा. मूळ नाही, काही नाही. तुझ्या बाबांनी तुला कुणाच्याही आधी उचललं, माझ्याही आधी. मी अजून गुंगीत होते."

"मग?"

"मग काय. तुला दात यायला लागले आणि तू त्यांच्याकडे जाणं सोडलंस. बंदच. कारखान्यातून आले की तू माझ्या पदरात तोंड घालायचास. ते रोज डब्यात तुझ्यासाठी एक जिलबी राखून आणायचे. तू जिलबी घ्यायचास आणि पायाने त्यांना ढकलायचास. शेजारच्या शैलजाताई म्हणायच्या, हा लेक नाही, जकात नाका आहे."

आल्हाद खालीच बसला, मटाराच्या सालांवर. "मी? बाबांना?"

"बाबांनाच. आणखी कोण होतं घरात? ते मिशा काढून आले एकदा. तारुण्यापासूनच्या मिशा. तुला वाटलं आणखी एक नवीन माणूस आला, तू त्या दिवशी दुप्पट रडलास. कारखान्यात त्यांना सगळे विचारत होते, सुभेदार, कोण गेलं? लोकांना वाटलं सुतक आहे."

"तू कधी बोलली नाहीस हे."

"कशाला बोलायचं? विसरले होते मी. तू चालायला लागलास आणि त्यांच्या बोटाला लागलास, मग कुणाला आठवतंय. मी हाक मारली तर तोंड फिरवायचास. ताप आला तरी बाबाच हवे. तेव्हा मी रडले हो, भाऊजी, खरं सांगते. मोरीत नळ सोडून रडले." त्यांनी हातातली शेंग पुरी उघडली, दाणे टोपल्यात टाकले. "मला भीती वाटली म्हणून तुला जिन्यात थांबवलं, ते माझं. त्याचं काय असेल ते मला म्हण. पण हे रडणं त्याचं नाही. हे सगळ्या घरांत असतं."

 खालच्या गल्लीत भाजीवाला ओरडत गेला. आल्हाद कठड्याकडे पाहत होता, पण मला माहीत होतं की तो न्हाव्याचं दुकान पाहतोय, आणि साबण लागलेला एक पोरगा, जो बापाला सोडून कधीच कुठे गेला नाही असं आजवर समजत होता. त्याच पोराने बापाला पायाने ढकललं होतं. आणि ज्याला ढकललं होतं तो माणूस रोज जिलबी घेऊन परत येत राहिला होता.

त्याने खिशातून चष्मा काढला, मफलर नव्हता म्हणून शर्टाच्या टोकाने पुसला, लावला. लेकीकडे पाहिलं. लेकीने पाहिलं, ओठ बाहेर काढला, रडली.

"रड बाई," तो म्हणाला. "रड आरामात."

त्याच्या आवाजातलं ओझं गेलं होतं. रडणं तेवढंच होतं, तसंच कानठळ्या बसवणारं, पण आता ते नुसतं रडणं होतं, जसा पाऊस नुसता पाऊस असतो. इतके दिवस तो त्यात स्वतःचा निकाल ऐकत होता.

तो खाली गेला आणि मालकांना फोन करून आला. आम्ही सगळ्यांनी मान वर केली.

"काय म्हणाले?" अवंतीने विचारलं.

"म्हणाले, पहले बोलना था ना भैया. कारखान्यातला आनंद रायपूरसाठी केव्हाचा मागे लागलाय. त्याची सासुरवाडी रायपूरची आहे."

वसुधावहिनी उठल्या, खाली गेल्या, आणि रिकामी केलेली सूटकेस बंद केल्याचा खटका गच्चीवर ऐकू आला. त्या दिवशी मटाराची उसळ झाली. मी तीन वेळा घेतली. जेवण झाल्यावर भांडी आल्हादने घासली. अवंतीने ती नंतर परत घासली, पण त्याच्यासमोर नाही.

पुढे काही जादू झाली नाही. त्याने फोनवर सांगितलं, की तो आता रोज कारखान्यातून आला की लेकीसमोर बसतो, ती रडेपर्यंत बसतो, रडली की अवंतीच्या हातात देतो आणि म्हणतो, "घे, तुझं गिऱ्हाईक." डब्यात काही राखून आणत नाही, तिला अजून जिलबी द्यायची नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. चष्मा लावूनच घरात येतो. कपाळावरची टेंगळं गेली.

मग उन्हाळा आला. यशश्री भिंतीला धरून चालू लागली. अवंतीच्या क्लासच्या वेळा संध्याकाळच्या झाल्या, आणि त्या वेळात घरात बाप. एक दिवस तिचा पाय घसरला, रडत उठली, आणि आजी दोन पावलांवर असताना तिला ओलांडून खोलीच्या पलीकडच्या टोकाला बसलेल्या आल्हादच्या गळ्यात पडली. हे मला वसुधावहिनींनी सांगितलं. आल्हादला विचारलं तर म्हणाला, "हो, आली होती," आणि गावात ऊन किती आहे ते विचारू लागला. 

या हिवाळ्यात मी त्या सगळ्यांना शेतावर बोलावलं. रोपांसकट उपटलेला मटार पेटत्या पेंढ्यावर टाकून भाजायचा, काळ्या शेंगा बोटांनी उघडायच्या, आत दाणे हिरवेच्या हिरवे आणि गरम. ज्याने हे खाल्लं नाही त्याने हिवाळा पाहिला असं मी मानत नाही.

यशश्री दिवसभर बापाच्या अंगावर. अवंतीने तोंड पुसायला हात पुढे केला तर तिने हात झटकला आणि म्हणाली, "बाबा." अवंतीने शेंग सोलून दिली तर ती शेंग घेतली, पायाने आईला ढकललं, आणि शेंग बाबाच्या तोंडात घातली. वसुधावहिनींनी माझ्याकडे पाहिलं, मी वसुधावहिनींकडे. 

अवंतीचा चेहरा उतरला होता. ती म्हणाली, "सकाळपासून एकदाही आली नाही माझ्याकडे. इतके महिने मला सोडत नव्हती आणि आता बघा."

वसुधावहिनी म्हणाल्या, "येईल परत. मग तूच म्हणशील, घ्या हो हिला जरा."

रस्त्याच्या बाजूने कुणीतरी हाक मारली. काटा अडला होता, व्यापारी खोळंबला होता. आल्हाद सुट्टीवर होता, पण हाक आल्यावर त्याला बसवेना. तो उठला. यशश्रीने दोन्ही हात वर केले.

"तिला राहू दे इथे," अवंती म्हणाली. "मी बघते."

"ती राहील का?" त्याने विचारलं. त्यात जरासुद्धा फुशारकी नव्हती, आणि म्हणूनच अवंतीला हसू आलं.

"जा घेऊन," ती म्हणाली. "चहा तरी गरम पिते."

त्याने लेकीला खांद्यावर बसवलं. बांधावरून तो चालू लागला, काट्याकडे, दोन्ही बाजूंना कमरेएवढा मटार, ऊन तिरकं झालेलं. वसुधावहिनी कपाळावर हात धरून पाहत होत्या. मी भाजलेल्या शेंगा काठीने परतत पाहत होतो. अवंती खाटेवर पाय वर घेऊन बसली, दोन्ही हातांत चहाचा ग्लास, आणि तिने पहिला घोट घेतला तेव्हा चहा अजून वाफाळत होता. आल्हाद काही मागे वळून पाहत नव्हता. वळता येण्यासारखं नव्हतं, त्याचे दोन्ही कान लेकीच्या मुठीत होते.